खापरांची मोजदाद आणि गुलामांचा इतिहास

वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर हे हिंगणघाट तालुक्यातील गाव. हा सारा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. तोपर्यंत इंग्लंडमधील गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून येत असे. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडच्या आणि हिंगणघाटच्या कापसाचे भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भावही उतरले.

इतके आपण वर्गात सांगतो. पण तो अमेरिकन कापूस कोण पिकवत होते? १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम नोंदलेले आहेत. त्यांतील मोजक्यांनी पुढे आत्मचरित्रे लिहिली. बाकीच्यांना लिहायला-वाचायला शिकवणे अनेक राज्यांत गुन्हाच होता. त्यामुळे त्यांच्याविषयीचे बहुतेक कागद मालकांचे आहेत. त्यांत नाव, वय आणि किंमत सापडते. ही माणसे कशी राहत, काय खात, काय जपून ठेवत, याविषयी ते फारसे बोलत नाहीत.

हे सांगू शकते ती त्यांच्या झोपड्यांखालची माती. व्हर्जिनिया राज्यात माँटिसेलो हे टॉमस जेफरसन यांचे घर आहे. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या गृहस्थांनी आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. तेथील गुलामांच्या वस्तीच्या उत्खननात बश्यांचे तुकडे, बटणे, मणी, हाडे असा ऐवज निघाला. इतरत्रही अशी उत्खनने झाली. पण प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या. एकाने खापरे रंगावरून वेगळी केली, दुसऱ्याने आकारावरून. तिसऱ्याने नुसतीच मोजली. मग दोन वस्त्यांची तुलना करायची कशी?

यावर उपाय म्हणून २००० साली माँटिसेलो येथे एक संगणकीय संग्रह सुरू झाला. गुलामगिरीचा तुलनात्मक अभ्यास हा त्याचा हेतू. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘डाक्स’ म्हणतात. व्हर्जिनिया, टेनेसी, जमैका, नेव्हिस अशा ठिकाणच्या लक्षावधी वस्तू त्यात एकाच पद्धतीने मोजून नोंदलेल्या आहेत. अँड्र्यू जॅक्सन यांच्या ‘हर्मिटेज’ या कापसाच्या मळ्यावरच्या वस्तूही त्यात आहेत. इंटरनेटवर हा संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

एकसारख्या नोंदींमुळे काय साधते, ते एका सोप्या गणिताने पाहू. ‘क्रीमवेअर’ या मलईच्या रंगाच्या भांड्यांच्या निर्मितीकाळाचे मध्यवर्ष १७९१ धरतात आणि त्यानंतरच्या ‘पर्लवेअर’चे १८०५. समजा, एका झोपडीत पहिल्या प्रकारचे ३० आणि दुसऱ्या प्रकारचे १० तुकडे मिळाले. ३० ला १७९१ ने आणि १० ला १८०५ ने गुणून बेरीज करा आणि तिला ४० ने भागा. उत्तर येते १७९४.५. म्हणजे ती झोपडी साधारण १७९५ च्या सुमारास वापरात असावी. मात्र तुकडे ओळखण्याची रीत सर्वत्र एक असेल, तरच दोन झोपड्यांची उत्तरे शेजारी ठेवता येतात.

अशा तुलनेतून माणसांविषयीही काही कळते. व्हर्जिनियातील जुन्या झोपड्यांच्या जमिनीत अनेक छोटे चौकोनी खड्डे आढळतात. रताळी साठवण्यासाठी ते असावेत, असे काहींचे मत होते. पण फ्रेझर नीमन यांनी अनेक वस्त्यांची तुलना केली, तेव्हा अठराव्या शतकाच्या ओघात खोल्या लहान आणि खड्डे कमी होत गेल्याचे दिसले. त्यांचा तर्क असा : आधी नात्यागोत्याची नसलेली माणसे एका खोलीत कोंबलेली असत. ज्याने त्याने आपली चीजवस्तू आपल्या खड्ड्यात, सर्वांच्या नजरेसमोर ठेवली, म्हणजे चोरी लपत नसे. पुढे कुटुंबे एकत्र राहू लागली, तेव्हा इतक्या खड्ड्यांची गरज उरली नाही. ही गोष्ट मालकांच्या वह्यांतून कळली नसती. एकाच वस्तीच्या उत्खननातूनही कळली नसती.

येथे आम्हा संशोधकांना एक कबुली द्यावी लागेल. रसायनशास्त्रातला प्रयोग चुकला, तर तो पुन्हा करता येतो. उत्खनन पुन्हा करता येत नाही. खणले की ती जागा संपते आणि उरते ती फक्त नोंद. ती नोंद कपाटात पडून राहिली, तर त्या माणसांचा मागमूस आपणच दुसऱ्यांदा पुसला, असे होते. ज्यांना आयुष्यभर बोलू दिले नाही, त्यांच्या बाबतीत तर हे फारच अन्यायाचे आहे.

गुलामगिरी आपल्याकडेही होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. दुष्काळात पोरे विकली जात. मलिक अंबर लहानपणी आफ्रिकेत विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता झाला, म्हणून त्याचे नाव राहिले. कुणबिणींची नावे दप्तरातच राहिली. १८४३ च्या कायद्याने गुलामीला सरकारदरबारी मिळणारी मान्यता काढून घेतली. हे कागद आणि वाड्या-गढ्यांच्या आसपास निघणारी खापरे यांच्या नोंदी एकसारख्या करून खुल्या ठेवल्या, तर आपल्यालाही पुष्कळ कळेल.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. घरातील फुटक्या कपबश्यांचे तुकडे, धार नसलेले, मुलांच्या दोन गटांत वाटावेत. प्रत्येक गटाने आपल्या मनाने यादी करावी. मग दोन्ही याद्यांची एक यादी करायला सांगावे. ती जुळणार नाही. त्यानंतर रंग, नक्षी, जाडी, वजन असे रकाने सर्वांनी मिळून ठरवावेत आणि पुन्हा नोंदी कराव्यात. आता जुळेल. उत्खननासाठी मात्र मुलांना पांढरीच्या टेकाडावर नेऊ नये. तिथली जागाही एकदाच खणता येते.