एम-पेसा : झोपडीकरापासून मोबाइल कर्जापर्यंत

आजचा विषय केनियाचा. पण आरंभ ओळखीच्या शब्दापासून. स्वाहिली भाषेत पैशाला ‘पेसा’ म्हणतात. हा शब्द हिंदुस्थानातून तिकडे गेला, असे मानले जाते. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत चलनही रुपयाचेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वसाहत सरकारने लादलेला झोपडीकर याच रुपयांत मोजला जाई. कराला रोख हवी, रोखीसाठी मजुरी हवी. पुरुष गोऱ्यांच्या मळ्यांवर आणि नैरोबीत गेले; बायकामुले व शेती गावी राहिली. गिरणगाव आणि कोकण यांचे मनीऑर्डरचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही ताटातूट समजावून सांगायला नको.

१९६३ च्या स्वातंत्र्यानंतरही ती टिकली. गावी पैसे पाठवायचे तर पोस्ट, नाहीतर बसचालक किंवा तिकडे निघालेला कुणी ओळखीचा. वाटेत रक्कम बुडाली तर दाद कुठे मागणार?

२००५ साली व्होडाफोन व सफारीकॉम यांनी ब्रिटिश सरकारच्या विकासनिधीच्या साहाय्याने चाचणी घेतली, ती मात्र यासाठी नव्हे. सूक्ष्मवित्त कर्जांचे हप्ते मोबाइलवरून फेडता यावेत, हा तिचा हेतू. लोकांनी ते साधन परस्परांना पैसे धाडण्यासाठी वापरले. मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू झाली, ती ‘घरी पैसे पाठवा’ अशी हाक देत. साधा फोन पुरे. रोख घेणारा आणि देणारा गावातलाच दुकानदार. तंत्रज्ञानाचे गोडवे गाताना या दुकानदाराच्या गल्ल्याचा हमखास विसर पडतो.

दारिद्र्यावर परिणाम काय झाला? विल्यम जॅक आणि तवनीत सुरी या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले, की आजारपण, नोकरी जाणे अशा आघातानंतर ही सेवा न वापरणाऱ्या कुटुंबांचा उपभोग सुमारे ७ टक्क्यांनी घटला. वापरणाऱ्यांचा जवळपास घटला नाही, कारण नातलगांची मदत वेळेत पोहोचली. त्यांचा २०१६ चा निष्कर्ष अधिक गाजला : १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली. त्याच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. मला पहिला निष्कर्ष अधिक भक्कम वाटतो. त्यात संपत्ती निर्माण झाल्याचा दावा नाही; असलेल्या नात्यांना वेग आला, एवढेच त्यात सांगितले आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये याच फोनवर ‘एम-श्वारी’चे कर्ज आले. मुदत ३० दिवस, शुल्क ७.५ टक्के. म्हणायला शुल्क, वर्षाच्या हिशोबाने ते ९० टक्क्यांवर जाते. पाठोपाठ इतर कर्जदाती ॲपे आली. किरकोळ रक्कम थकली तरी नाव पतनोंदणी संस्थेच्या काळ्या यादीत जाई आणि पुढचे दार बंद होई. हप्ते वसूल करण्यासाठी योजलेले साधन लोकांनी नात्यांकडे वळवले होते. ते पुन्हा हप्त्यांकडे वळले. अशा ॲपांना मध्यवर्ती बँकेचा परवाना बंधनकारक करणारा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये झाला, ‘एम-पेसा’ सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी.