वेदीपासून वस्तीपर्यंत : चांद्याच्या वनप्रदेशातील ख्रिस्ती याजकपण

याजक म्हणजे देवाला अर्पण वाहणारा आणि त्या अर्पणाच्या द्वारे देव व समाज यांच्यातील नाते राखणारा अधिकारी, ही कल्पना बहुतेक धर्मपरंपरांत आढळते. ख्रिस्ती धर्माने ती यहुदी परंपरेकडून घेतली आणि तिच्या गाभ्यालाच वेगळे वळण दिले. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथाच्या प्रतिपादनानुसार येशू ख्रिस्त हाच याजक आणि हाच बळी आहे, त्याचे क्रुसावरील अर्पण एकदाच आणि सर्वकाळासाठी झाले आहे, आणि म्हणून पशूंच्या रक्ताचे अर्पण यापुढे निष्प्रयोजन ठरले आहे. मग ख्रिस्ती याजकाने अर्पण करायचे ते काय, या प्रश्नाला चर्चच्या इतिहासात दोन उत्तरे मिळाली. कॅथलिक व पूर्वेकडील प्राचीन चर्चने असे मानले की दीक्षित याजक मिस्साच्या विधीत, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांच्या अर्पणात, ख्रिस्ताचे तेच एकमेव अर्पण वेदीवर उपस्थित करतो. तर मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मधील आपल्या लेखनातून सर्वच श्रद्धावंतांच्या याजकपणाचा पुरस्कार केला आणि प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे सेवामय जगणे हेच देवाला रुचणारे अर्पण होय, ही पौलाच्या पत्रातील शिकवण पुढे आणली. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत ही दोन्ही उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत वेगवेगळ्या वाटांनी पोचली. येथे त्यांची कसोटी लागली ती धर्मशास्त्राच्या वादांत नव्हे, तर बाहेरून आलेला याजक या भूमीचा किती होऊ शकतो, या एका प्रश्नावर.

हा प्रश्न समजण्यासाठी या प्रदेशाची घडण ध्यानात घ्यावी लागते. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, ही गोंड राजांची राजधानी होती. १७५१ च्या सुमारास हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केल्यावर इंग्रजी अमलाखाली आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली, १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याला जोडला गेला आणि पुढे १९८२ मध्ये या विस्तीर्ण जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग तोडून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती यांच्या खोऱ्यांतील या मुलखात झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू आणि छत्तीसगढी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. येथील गोंड व माडिया समाजात याजकपणाची स्वतःची जुनी व्यवस्था आहे. माडिया गावातील पेरमा हा गावाच्या देवतांना कोंबडे-बकऱ्याचे अर्पण वाहतो आणि पंडुमचे, म्हणजे नव्या पिकाच्या वा फळांच्या स्वीकारापूर्वीच्या सणाचे, विधी करतो. त्याचा अधिकार गाव वसवणाऱ्या कुळाशी आणि त्या जमिनीशी असलेल्या नात्यातून येतो, आणि तो घरदार असलेला, शेती करणारा, गावातलाच माणूस असतो. ख्रिस्ती याजकाचा अधिकार याच्या नेमका उलट दिशेने येतो, कारण त्याला कोणीतरी पाठवलेले असते आणि आपली भूमी, आपले कूळ व पुष्कळदा संसारही मागे ठेवून तो येतो. एकाचे याजकपण मुळे धरण्यात आहे, तर दुसऱ्याचे मुळे सोडण्यात, आणि या दोन कल्पना एकाच जंगलात समोरासमोर आल्या.

या भेटीची पूर्वपीठिका नागपुरात तयार झाली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये तेथे पोचले आणि त्यांनी शाळा, प्रवचन व प्रवास यांत पुढील अठरा वर्षे घालवली. त्यांचे चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या मंडळामार्फत कारभार चालवणारे, असल्याने त्यात यज्ञयाग करणाऱ्या याजकाला स्थान नव्हते. हिस्लॉप स्वतःला मंडळीचे पाळक आणि वचनाचे सेवक मानत. तरीही दक्षिणेकडील त्यांच्या भ्रमंतीत त्यांनी जीवाश्मांचा जसा शोध घेतला, तशीच गोंडांच्या भाषेची, गीतांची आणि देवतांची टिपणेही आस्थेने जमवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या प्राचीन शिळावर्तुळांची पाहणी करून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला, आणि त्यांची टिपणे १८६६ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. धर्मसेवकाने लोकांना शिकवण्याआधी लोकांकडून शिकावे, हा धडा या प्रदेशाच्या ख्रिस्ती इतिहासात इतक्या आरंभी घालून दिला गेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

चांदा शहरातील ख्रिस्ती कार्याला मात्र स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने आकार दिला. हे स्कॉटलंडमधील बिशपप्रधान, अँग्लिकन परंपरेचे लहानसे चर्च होते, आणि १८३३ नंतर ऑक्सफर्डमधून उठलेल्या त्या चळवळीचा त्यावर प्रभाव होता, जिने अँग्लिकन धर्मजीवनात वेदी, दीक्षा, उपवास आणि मठवास यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. चांद्याच्या मिशनच्या आरंभकाळाशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते नीलकंठ ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे हे स्वतः चित्पावन ब्राह्मण कुळातले, १८२५ मध्ये झाशीजवळ जन्मलेले आणि काशीत शास्त्राध्ययन केलेले पंडित होते. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदू दर्शनांचे परीक्षण करणारा हिंदी ग्रंथ लिहिला आणि १८७० च्या सुमारास ते अँग्लिकन याजक झाले. पुढे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘काउली फादर्स’ या मठसंघाशी त्यांचा निकटचा संबंध आला, परंतु अखेरची व्रते न घेता ते १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत उमेदवार साधकच राहिले. त्यांची राहणी मात्र पूर्ण व्रतस्थाची, विलक्षण साधी आणि निर्धन होती. याच गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाचा पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावर खोल परिणाम झाला.

गोऱ्ह्यांच्या आयुष्यात ख्रिस्ती याजकपणाच्या त्यागाची दोन्ही अंगे दिसतात. जात, कुळ, विद्वत्तेचा मान आणि आप्तांचे घर यांचा त्याग त्यांनी जाणून केला, आणि तो त्यांचा स्वतःचा होता. परंतु त्या निर्णयाची किंमत त्यांच्या जवळच्यांनाही मोजावी लागली. त्यांच्या पत्नीचा मृत्यू कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात झाला आणि १८५३ मध्ये जन्मलेली ती मुलगी, एलन लक्ष्मी गोऱ्हे, परक्या घरांत वाढून पुढे इंग्लंडमध्ये शिकली, भक्तिगीतकार म्हणून नावारूपाला आली आणि १८८० मध्ये सेवेसाठी भारतात परतली. अर्पणमय जीवनाचा इतिहास लिहिताना अर्पण करणाऱ्याकडे पाहिले जाते, त्याच्या निर्णयाने ज्यांचे आयुष्य बदलले त्यांच्याकडे क्वचितच. ही उणीव भरून काढल्याखेरीज त्यागाचे खरे मोल कळत नाही.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर चांद्याच्या मिशनची ओळख अलेक्झांडर वुड या याजकामुळे दूरवर पोचली. त्यांनी चांदा शहर आणि जिल्हा यांतील कार्याचा वृत्तांत १९०६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता, आणि अशा काळात मिशनच्या आवारातील अनाथाश्रम, शाळा व औषधोपचार यांनी याजकाच्या दिनक्रमाचा मोठा भाग व्यापणे स्वाभाविक होते. या कामाचा भार प्रत्यक्षात धर्मशिक्षक, शाळामास्तर आणि घरोघरी जाऊन स्त्रियांना वाचन शिकवणाऱ्या बायबल-स्त्रिया यांनी उचलला. वेदीवर उभे राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता, परंतु बैलगाडीच्या वाटांवर आणि हिवतापाच्या हंगामात मिशन टिकले ते त्यांच्या पायपिटीवर. सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्ट मिशननेही तेलुगू भाषकांमध्ये असेच कार्य उभे केले.

वुड पुढे १९१९ मध्ये छोटा नागपूरचे आणि १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले, आणि याच पदावर असताना त्यांचा ज्या तरुण याजकाशी संघर्ष झाला, त्या संघर्षाने याजकपणाच्या अर्थाचाच निवाडा मागितला. व्हेरियर एल्विन हे १९२७ मध्ये जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात, म्हणजे भारतीय आश्रमपद्धतीने राहणाऱ्या अँग्लिकन बंधुसंघात, पुण्याला आले होते. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह ते मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड वस्तीत राहायला गेले. हा जिल्हा नागपूर धर्मप्रांतात मोडत असल्याने तेथे उपासना चालवण्यासाठी बिशपचा परवाना आवश्यक होता, आणि तो वुड यांनी दिला नाही. कारण एल्विन गोंडांचे धर्मांतर हे आपल्या सेवेचे उद्दिष्ट मानत नव्हते आणि गांधीजींच्या बाजूने उघडपणे उभे राहून ब्रिटिश सत्तेशी निष्ठेची हमी द्यायला तयार नव्हते. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्चचा त्याग केला. वुड यांच्या दृष्टीने चर्चच्या शिस्तीबाहेर याजकपण संभवत नव्हते, तर एल्विन यांच्या दृष्टीने ज्यांच्यात राहायचे त्यांना बदलण्याची अट घालणारी सेवा पूर्ण अर्पण ठरत नव्हती. दोघांनीही आपल्या मताची किंमत मोजली, म्हणून या मतभेदाकडे धर्मनिष्ठा विरुद्ध धर्मद्रोह असे पाहणे अन्यायाचे ठरेल.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न राजकीय व्यासपीठावर आला. चांदा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता, आणि त्या राज्याच्या सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६ च्या आपल्या अहवालात परदेशी पैसा, परदेशी मिशनरी आणि आदिवासींचे धर्मांतर यांवर कठोर टीका केली. ख्रिस्ती संघटनांनी तिचे निष्कर्ष अमान्य केले. तरीही परदेशी याजकाच्या भरवशावर मिशन चालवण्याचे दिवस सरत आले आहेत, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. १९५६ मध्येच विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला.

या पार्श्वभूमीवर १९६२ हे वर्ष निर्णायक ठरते. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर कॅथलिक धर्मप्रांताच्या सीमेतून चांद्याचे क्षेत्र वेगळे काढून ते केरळमधील सिरो-मलबार चर्चच्या हवाली करण्यात आले. संत थोमा यांच्या आगमनाची परंपरा सांगणारे आणि सिरियाक उपासनापद्धती जपणारे हे प्राचीन भारतीय चर्च रोमच्या पोपशी ऐक्य राखून असले तरी त्याचे कार्यक्षेत्र तोवर मुख्यत्वे केरळ व त्याच्या लगतच्या भागांपुरते बांधलेले होते. त्याचे केरळबाहेरचे पहिले मिशनक्षेत्र म्हणजे चांदा. ही जबाबदारी १८३१ मध्ये मन्नानम येथे पाया घातलेल्या आणि संत कुरियाकोस एलियास चावरा यांच्या प्रेरणेने वाढलेल्या सी.एम.आय. या कार्मेलाइट संघाकडे आली आणि फादर जानुआरियस पालाथुरुथी यांनी नेतृत्व स्वीकारले. १९७७ मध्ये चांदा पूर्ण दर्जाचा धर्मप्रांत झाला, तेव्हा तेच त्याचे पहिले बिशप झाले. धर्मप्रांताचे केंद्र बल्लारपूरला राहिले, आणि शहराचे व जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाल्यावरही धर्मप्रांताने ‘चांदा’ हे जुने नाव टिकवले.

या संघाचा याजक निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतो. यांपैकी पहिल्या दोन व्रतांतील त्याग बाहेरच्यांना सहज दिसतो, परंतु वनप्रदेशात सर्वांत जड जाते ते तिसरे व्रत, कारण त्याच्यामुळे याजकाला आपली जागा निवडता येत नाही आणि रुजलेली जागा धरूनही ठेवता येत नाही. मल्याळम बोलणाऱ्या, सिरियाक परंपरेत घडलेल्या तरुणाला येथे मराठी शिकावी लागते, गावागावांतील झाडीबोली कानात बसवावी लागते, आणि भामरागड-एटापल्लीकडे जायचे तर माडियाही समजून घ्यावी लागते, जेथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. १९६२ मध्येच सिरो-मलबार कुर्बाना, म्हणजे त्या चर्चचा मिस्सा, सिरियाकऐवजी मल्याळममध्ये म्हणण्यास आरंभ झाला होता. लोकभाषेकडे वळलेल्या या चर्चला चांद्यात आणखी एक पाऊल टाकून मराठीपर्यंत यावे लागले. ब्रह्मपुरीचे ख्रिस्तानंद रुग्णालय आणि चंद्रपुरातील कार्मेल परंपरेच्या शाळा ही या कार्याची दृश्य रूपे होत, आणि त्यांच्या उभारणीत व्रतस्थ सिस्टरांचा वाटा याजकांइतकाच मोठा आहे.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दीक्षित याजकपण आणि सर्व श्रद्धावंतांचे सामायिक याजकपण ही दोन्ही ख्रिस्ताच्याच एका याजकपणात सहभागी आहेत, असे शिकवले, आणि त्यामुळे चार शतकांपूर्वी दूर गेलेली दोन उत्तरे एकमेकांच्या जवळ आली. प्रॉटेस्टंटांच्या बाजूनेही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व इतर प्रवाह एकत्र आले. परंतु या जिल्ह्यांत सेवेचे व्रत ही एका धर्माची मिरासदारी कधीच नव्हती. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि या कार्यांनी याजकाच्या दीक्षेशिवायही आयुष्य वाहून टाकता येते, हे सिद्ध केले. त्यामुळे ख्रिस्ती याजकाच्या त्यागाला येथे आपोआप मान मिळत नाही, आणि तसा तो मिळू नये यातच त्या त्यागाचे हित आहे.

हिस्लॉप यांच्यापासून बल्लारपूरच्या धर्मप्रांतापर्यंतच्या या वाटचालीचे मोजमाप बाप्तिस्म्यांच्या संख्येने करण्याची सवय मिशनच्या समर्थकांना आणि टीकाकारांना सारखीच जडलेली आहे. तिने इतिहासाचा मोठा भाग नजरेआड जातो. घर सोडणे ही ख्रिस्ती याजकाच्या अर्पणाची सुरुवात असते, आणि ते पूर्ण होते ते तो दुसऱ्यांच्या घरी त्यांच्या अटींवर राहायला शिकतो तेव्हा. पेरम्याला जे नाते जन्माने मिळते ते या याजकाला भाषा शिकून, आजार सोसून, स्थानिक माणसाच्या हाती अधिकार सोपवून मिळवावे लागते, आणि यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. या वनप्रदेशातील गोंड, माडिया आणि झाडीबोली बोलणाऱ्या कुटुंबांतून आलेले याजक आपल्याच माणसांसमोर वेदीवर उभे राहतील आणि गावाच्या सुखदुःखाचे निर्णय आपल्याच भाषेत घेतील, त्या प्रमाणात हे अर्पण खरे ठरले असे म्हणता येईल. कारण पाठवलेल्याने वस्तीतल्या माणसासाठी जागा मोकळी करणे, हा मुळे सोडण्याच्या व्रताचा सर्वांत पुढचा टप्पा आहे.