अस्थींचा लेख

पेडणे महालातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली पदवी घेतलेले हे धन्वंतरी अजिंठ्याचे शिलालेख वाचण्यातही तितकेच रमले. परंतु मनुष्याच्या अस्थींतही एक लेख कोरलेला असतो, ही जाणीव त्यांच्या हयातीतच दूर झुरिक येथे उदय पावत होती. तेथील शारीरविद मायर यांनी छेदलेल्या मांडीच्या हाडातील बारीक जाळी अभियंते कुलमान यांनी पाहिली, तेव्हा भार पेलणाऱ्या यारीतील ताण-दाबाच्या रेषाच त्यांना तीत दिसल्या. मायर यांनी हे १८६७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी सिद्धान्त मांडला, की भार बदलला म्हणजे हाडाची घडणही त्यास अनुसरून बदलते. भाऊ दाजी १८७४ मध्येच निवर्तले होते.

सुश्रुताने अस्थींना वृक्षाच्या गाभ्याची उपमा दिली होती. तो गाभा जिवंत आहे, हे आता आपण जाणतो. हाडातील काही पेशी भार ओळखतात, काही जुना भाग झिजवितात, तर काही नवा भरतात. आज संगणकावर हाडाचे सूक्ष्म भाग कल्पून प्रत्येकावरील ताण मोजतात. ताण अधिक तेथे भर, उणा तेथे घट, असे गणित मांडून हाडाचे भावी रूप वर्तवितात. मात्र वोल्फ यांच्या सूत्रात एक दुरुस्ती करावी लागली: निश्चल ओझ्याने हाड फारसे घडत नाही, ते घडते येत्या-जात्या, बदलत्या भाराने.

या शास्त्राचा आमच्या इतिहासाशी संबंध काय, असे कोणी विचारील. डिचोलीच्या खाणींत यंत्रे येण्यापूर्वी डोक्यावर चुंबळ ठेवून मातीच्या पाट्या वाहणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्या दप्तरात सापडणार? त्यांच्या श्रमाची नोंद त्यांच्या देहानेच ठेवली. तथापि कष्टाने हाडे बळकट होतात, एवढेच म्हणून त्या कष्टांचे समर्थन करणे अन्यायाचे होईल. विश्रांतीवाचून वाढलेल्या भाराने हाडात सूक्ष्म तडे जातात आणि त्यांची डागडुजी होण्यास महिने लागतात. भार घडवितो, तसा मोडतोही.

ही साक्ष मर्यादित आहे, हेही मान्य केले पाहिजे. हाड भार सांगते. तो कोणी लादला, हे सांगत नाही. ते शोधणे इतिहासकाराचे काम होय, आणि त्यासाठी दप्तराबाहेरची माणसे विचारात घेतल्यावाचून गोमंतकाचा इतिहास पुरा होणार नाही, असे आम्हांस वाटते.