तळटीप : चिनूक

* चिनूक : बोइंग कंपनीचे अवजड मालवाहू लष्करी हेलिकॉप्टर, पहिले उड्डाण १९६१. याला शेपटीचा पंखा नाही. पुढे-मागे बसवलेले दोन मोठे पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. त्यामुळे हेलिकॉप्टरला गरगर फिरवू पाहणारा जोर आपोआप रद्द होतो आणि इंजिनांची सगळी ताकद वजन उचलण्याच्या कामी येते. दोन्ही पंख्यांची पाती एकमेकांच्या फेऱ्यात शिरतात, पण गिअर आणि दांड्यांनी जखडलेली असल्याने आपटत नाहीत. ही रचना खरोखर थक्क करणारी आहे. सैनिक, जीप, जखमी मागच्या उतरत्या दरवाजाने आत येतात; तोफ पोटाखालच्या हुकांना टांगून नेतात. भारतीय हवाई दलात ते मार्च २०१९ मध्ये चंडीगडला दाखल झाले. लेखकाने त्याला ‘लढाऊ’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. त्यावरच्या मशिनगन स्वसंरक्षणापुरत्याच असतात. — संपादक