खेळाडू गेला, मंडळाच्या पदरात काय?

श्रीवर्धन तालुक्यातलं बोर्ली पंचतन हे आसपासच्या खेड्यांचं बाजाराचं गाव. भोवताली नारळ-सुपारीच्या वाड्या, भाताची खाचरं, हाकेच्या अंतरावर दिवेआगरचा किनारा. आणि कमावत्या वयाची मुलं मुंबईत. भात झोडून घरात आलं की या पट्ट्यात कबड्डीचा हंगाम सुरू होतो. माती चाळायची, पाणी मारून चोपायची, फक्कीने मध्यरेषा आणि निदान रेषा आखायच्या, बांबूंना दिवे बांधायचे. हे सगळं मंडळाची पोरंच करतात आणि रात्री तीच मैदानात उतरतात.

अशा मंडळात एक चांगला कोपरारक्षक घडायला पाच-सहा हंगाम जातात. चढाईपटूचा पुढे आलेला पाय नेमका कधी धरायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे सांगून कळत नाही. शेजारच्या मध्यरक्षकाशी त्याची साखळी जुळावी लागते. कोपऱ्याने घोटा धरताच मध्यरक्षकाने अंगावर झेप घेतली नाही, तर चढाईपटू दोघांना घेऊन मध्यरेषेला हात लावतो. म्हणूनच कोपरारक्षक मुंबईला गेला की मंडळाचा एकच गडी कमी होत नाही, बचावाची ती सगळी बाजूच उघडी पडते. मग पुन्हा नवा मुलगा हेरायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

ही गळती आजची नाही. हा मुलूख १९४८पर्यंत जंजिरा संस्थानात होता, पुढे कुलाबा जिल्ह्यात आला. त्या जिल्ह्याचं नाव १९८१मध्ये रायगड झालं. कोकणातला माणूस पोटापाण्यासाठी गिरणगावात गेला, तेव्हा हुतूतूही त्याच्यासोबत गेला. परळ-लालबागच्या चाळींमधून मंडळं उभी राहिली. १९५३च्या कामगार कल्याणाच्या कायद्यानंतर ठिकठिकाणच्या कल्याण केंद्रांच्या स्पर्धांमधून कारखान्यांचे संघ एकमेकांना भिडू लागले. खेळणाऱ्या मुलाला खेळाच्या जोरावर नोकरी लागू शकते, ही गोष्ट कोकणातल्या घरांनी तिथेच पहिल्यांदा पाहिली.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो आधार कोसळला. मुंबईच्या व्यावसायिक गटात मग मध्य रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र अशी नावं गाजत राहिली. रेल्वेची गोष्ट महाराष्ट्राला विशेष लागते. राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय रेल्वेचा संघ स्वतंत्र उतरतो, त्यामुळे इथल्या मातीत घडलेला खेळाडू रेल्वेत लागला की पुढे महाराष्ट्राविरुद्धच चढाई करतो. त्याच्या घरात पगार येतो, आणि तो यायलाच हवा. कोणत्याही मंडळाने पोराची वाट अडवू नये. प्रश्न एवढाच, की ज्यांनी त्याला घडवलं त्यांच्या पदरात काय पडतं?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलला १९९३मध्ये पडला. तो फुटबॉल म्हणजे हातात अंडाकृती चेंडू घेऊन धावायचा, अंगावर चिलखत चढवून खेळायचा खेळ. त्या वर्षी मालक आणि खेळाडू यांच्यात करार झाला आणि मुदत संपलेल्या अनुभवी खेळाडूंना मनाजोगा संघ निवडायची मोकळीक मिळाली. छोट्या-मोठ्या सगळ्याच संघांना धास्ती वाटली, की आपण वाढवलेली माणसं फुकटात निघून जातील.

त्यांनी काढलेली तोड लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. तिथे दर वर्षी महाविद्यालयातून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते, संघ पाळीपाळीने नावं उचलतात. १९९४पासून असं ठरलं, की ज्या संघाने मोकळे झालेले खेळाडू गमावले, त्याला पुढच्या वर्षी भरपाई म्हणून जादा पाळी द्यायची. ही पाळी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी मिळते. गेलेल्या खेळाडूला नव्या संघाने किती पैसे दिले, तो किती खेळला, त्याला कोणते मान मिळाले यावर फेरी ठरते. जितका मोठा करार, तितकी वरची पाळी.

खरी मेख वजाबाकीत आहे. एखाद्या संघाचे तीन खेळाडू गेले आणि त्याने बाहेरून तोलामोलाचा एक घेतला, तर तो एक गेलेल्यांपैकी एकाला खोडून टाकतो. भरपाई दोघांचीच मिळते. तीन गेले आणि तीन घेतले, तर बहुधा हाती काहीच लागत नाही. एका संघाला वर्षाला जास्तीत जास्त चार आणि नेहमीच्या हिशेबात सगळ्यांना मिळून बत्तीस पाळ्या. शिवाय ज्याला जुन्या संघाने स्वतःहून काढून टाकलं, तो या हिशेबात धरला जात नाही. नव्या खेळाडूंची निवड आटोपल्यावर ठरलेली तारीख उलटली की त्यानंतरचे करारही धरले जात नाहीत. त्यामुळे हुशार संघ वसंतात हात आखडता घेतात, आपले महागडे खेळाडू जाऊ देतात, दुसऱ्यांनी काढून टाकलेले उचलतात आणि उरलेली खरेदी त्या तारखेनंतर करतात. बाल्टिमोर रेव्हन्सने या शिस्तीवरच सर्वाधिक भरपाईच्या पाळ्या मिळवल्या. २०१७पासून या पाळ्यांची संघांमध्ये अदलाबदलही करता येते.

ही पाळी म्हणजे उरलासुरला प्रसाद नव्हे. २०००च्या निवडीत सहाव्या फेरीत न्यू इंग्लंड पेट्रियट्सने भरपाईत मिळालेल्या १९९व्या पाळीवर टॉम ब्रेडी नावाचा मुलगा घेतला. त्याने पेट्रियट्सना सहा वेळा अजिंक्यपद मिळवून दिलं आणि सातवं दुसऱ्या संघाकडून जिंकलं.

आपल्याकडे पैसा आला तो २०१४मध्ये, प्रो कबड्डीबरोबर. त्या वर्षीच्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार दिले. २०२३मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, म्हणजे वीसपट. संघांचं नुकसान होऊ नये म्हणून इथेही एक सोय झाली, तिचं नाव फायनल बिड मॅच. लिलावात दुसऱ्याने लावलेल्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम द्यायची तयारी असेल, तर जुना संघ खेळाडू परत घेऊ शकतो. २०१८मध्ये यूपी योद्धाने मुंबईच्या रिशांक देवाडिगाला असंच १ कोटी ११ लाखांना राखलं.

पण ही भरपाई नव्हे. जुन्या संघाला मिळतो तो फक्त बरोबरीची रक्कम मोजण्याचा हक्क. ज्याच्या थैलीत तेवढे उरले नाहीत, त्याला गेलेल्याच्या बदल्यात काही नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांना आला आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण घेतले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. अमेरिकी नियम इथे असता तर एवढा मोठा करार मुंबईच्या संघाला नव्या मुलांच्या निवडीत वरची पाळी देऊन गेला असता.

तरी बोर्लीच्या बाजूने पाहिलं तर अमेरिकी नियमही अर्धाच पुरा पडतो. तो एका श्रीमंत संघाकडून दुसऱ्या श्रीमंत संघाकडे जाताना तोल सांभाळतो. ज्या शाळेच्या मैदानावर मुलगा पहिल्यांदा धावला, तिला त्यातून एक डॉलरही जात नाही. आपल्याला जवळचा नियम सापडतो तो जगाच्या फुटबॉलमध्ये, पायाने खेळायच्या. डिसेंबर १९९५च्या बोसमान निकालाने युरोपातले खेळाडू मुदत संपताच मोकळे झाले आणि २००१मध्ये फिफाने नियम आणला, की देशाबाहेरच्या संघाला खेळाडू विकताना रकमेतले पाच टक्के बाजूला काढायचे आणि वयाच्या १२ ते २३ या वर्षांत त्याला ज्या ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटायचे.

कोकणातली भरपाई आजवर रीतीने चालत आली आहे, नियमाने नव्हे. गावाचं मंडळ असतं तसं त्याच गावाचं मुंबई मंडळ असतं. नोकरीला लागलेला खेळाडू शिमग्याला येताना संघासाठी टी-शर्ट आणतो, स्पर्धेच्या चषकाचा खर्च उचलतो, धाकट्यांना दोन संध्याकाळी पकडी शिकवतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हाही गावांनी आधी मुंबईकरांच्याच तोंडाकडे पाहिलं. या ओढीला तोड नाही, पण ती त्या माणसाच्या मनावर आणि ऐपतीवर अवलंबून राहते. आणि ज्याची बोली कोटीत जाते, त्याच्या मंडळाचा हक्क कुठल्याच कागदावर नाही.

तो कागदावर आणायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. जिल्हा कबड्डी असोसिएशनकडे मंडळांची नोंद असते. किशोर आणि कुमार गटात कोण कोणाकडून खेळला, हे स्पर्धेच्या कागदांवर लिहिलेलं असतं. प्रो कबड्डीच्या लिलावातली रक्कम तर सगळ्या देशासमोर पुकारली जाते. फिफाचेच पाच टक्के धरले, तर सिद्धार्थ देसाईच्या २०१९च्या बोलीतून ७ लाख २५ हजार आणि पवनच्या २०२३च्या बोलीतून १३ लाख २ हजार ५०० रुपये मूळ मंडळांकडे गेले असते. ते खेळाडूच्या वाट्यातून न कापता विकत घेणाऱ्या संघाने वर मोजायचे, एवढी अट मात्र त्यात घालावी लागेल.