गोवामुक्ती आणि भारताची नैतिक प्रतिमा (१९५५ ते १९६१)

आपले राष्ट्र इतर राष्ट्रांहून नैतिकदृष्ट्या वेगळे आहे, ही भारतीयांची धारणा स्वातंत्र्याबरोबर एकाएकी जन्मलेली नव्हती. साम्राज्यसत्तेविरुद्धचा लढा मुख्यतः अहिंसक मार्गाने चालविल्याचा अभिमान तिच्या मुळाशी होता. पंडित नेहरूंनी या धारणेला परराष्ट्र धोरणाचे अधिष्ठान दिले. कोरियातील युद्धकैद्यांच्या प्रश्नातील मध्यस्थी, १९५४ च्या करारातील पंचशील आणि १९५५ ची बांडुंग परिषद यांमुळे लष्करी व आर्थिक बळ बेताचे असूनही भारताच्या शब्दाला वजन प्राप्त झाले. ही सारी दांभिकता होती, अशी टीका पाश्चात्त्य निरीक्षकांनी पुष्कळ केली. परंतु ती वरवरची आहे. नैतिक प्रतिमा हे दुर्बळ राष्ट्राचे खरेखुरे भांडवल होते. त्या भांडवलाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

या प्रतिमेची पहिली मोठी कसोटी १९५६ मध्ये लागली. सुएझवरील इस्राएल, ब्रिटन व फ्रान्स यांच्या आक्रमणाचा भारताने तत्काळ आणि कठोर शब्दांत निषेध केला. त्याच सुमारास, ४ नोव्हेंबर रोजी, सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडण्यास प्रारंभ केला, तेव्हा दिल्लीची भाषा संदिग्ध झाली. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घेण्याची मागणी करणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने ९ नोव्हेंबरला मतदान केले. सार्वभौम राष्ट्रात अशा निवडणुका मान्य केल्यास काश्मीरच्या संदर्भात पायंडा पडेल, ही चिंता त्यामागे होती. हे कारण राष्ट्रहिताचे होते आणि तसे ते उघडपणे मांडता आले असते. जयप्रकाश नारायण यांनी या मौनावर जाहीर टीका केली; आचार्य कृपलानींनीही सरकारला धारेवर धरले. १४ नोव्हेंबरला ब्रह्मदेश, श्रीलंका व इंडोनेशिया यांच्यासह काढलेल्या निवेदनात भारताने परकीय सैन्य मागे घेण्याची मागणी केली खरी, पण दहा दिवसांचा विलंब जगाच्या लक्षात राहिला.

गोव्याच्या बाबतीत प्रतिमेचा परिणाम याहून खोल होता. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्याची हाक दिली होती. पुढे १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही गोव्यात शिरले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि त्यात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. सरकारने आर्थिक निर्बंध कडक केले. मात्र पुढच्याच महिन्यात सामुदायिक सत्याग्रहालाही विरोध केला. शस्त्र उचलावे तर जगाला केलेल्या उपदेशाशी विसंगती, आणि सत्याग्रह चालू ठेवावा तर आणखी रक्तपात, असा हा पेच होता. सालाझारने तो अचूक हेरला. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा सागरपार प्रांत आहे, असे म्हणत तो स्वस्थ बसला. अहिंसा ज्या प्रतिपक्षाच्या लोकमताला हलवू शकते, तसे मुक्त लोकमतच लिस्बनमध्ये नव्हते.

पेच सुटला तो बऱ्याच अंशी आफ्रिकेमुळे. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी वसाहतवादाच्या समाप्तीचा जाहीरनामा स्वीकारला आणि गोव्याची गणना स्वशासनविहीन प्रदेशांत केली. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत भरलेल्या परिसंवादात पोर्तुगीज वसाहतींतील आफ्रिकी नेत्यांनी भारताच्या निष्क्रियतेबद्दल नाराजी व्यक्त केली. ज्या संयमामुळे पश्चिमेत प्रतिष्ठा मिळत होती, तोच संयम आता आफ्रिकेत दुबळेपणा ठरत होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

सुरक्षा परिषदेत ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली. वसाहतवाद हेच अखंड आक्रमण असून ते संपविणे कोणत्याही सनदेवर अवलंबून नाही, अशा आशयाचा युक्तिवाद भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी केला. युद्धबंदीचा ठराव सात विरुद्ध चार मते पडूनही सोव्हिएत नकाराधिकारामुळे फेटाळला गेला. हंगेरीच्या वेळी ज्यांची पाठराखण केल्याचा ठपका भारतावर आला होता, त्यांचाच आधार येथे घ्यावा लागला.

देशांतर्गत टीका अधिक मूलगामी होती. या कारवाईमुळे इतरांच्या बळाच्या वापराविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार भारताने गमावला, असे राजगोपालाचारींचे मत होते. समाजवाद्यांची तक्रार नेमकी उलट होती: गोमंतकीयांना चौदा वर्षे ताटकळत ठेवणे हेच अनैतिक. राजाजींचा निकष राष्ट्राची प्रतिमा हा होता, समाजवाद्यांचा निकष त्या भूमीवर राहणारी माणसे. दुसरा निकष अधिक न्याय्य मानावा लागतो, कारण ज्यांच्या वतीने संयम बाळगला गेला त्यांना त्याविषयी कोणी विचारले नव्हते.

मोहन रानडे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आझाद गोमंतक दलाचे हे सशस्त्र क्रांतिकारक ऑक्टोबर १९५५ मध्ये पकडले गेले व पुढे लिस्बनच्या तुरुंगात नेले गेले. गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे ते तेथेच होते. त्यांची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली.