निमें वेतन : निवृत्तिवेतनाच्या वादाची पूर्वपीठिका

(१) निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा कीं सेवकाचें येणें, हा वाद अलीकडे महाराष्ट्रांत विशेष गाजला. ता. १४ मार्च २०२३ रोजीं राज्यांतील लाखों कर्मचारी व शिक्षक जुन्या योजनेच्या मागणीसाठीं संपावर गेले व २० मार्च रोजीं संप मिटला. या वादाचा आरंभ सामान्यतः १ नोव्हेंबर २००५ पासून धरतात. कारण त्या तारखेपासून सेवेंत आलेल्यांस जुनी योजना बंद झाली. इतिहाससंशोधकास मात्र हा धागा बराच मागें नेतां येतो. आम्ही स्वतः जुन्या योजनेचे निवृत्त शिक्षक आहों; सबब आमचा कल कोठें असेल हें ध्यानांत ठेवूनच वाचकांनीं पुढील विवेचन पाहावें.

(२) कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत लिहिलेल्या बखरींत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची (१६५९) व्यवस्था नमूद आहे. जे लोक पडले त्यांच्या मुलांस चालविलें. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांस निमें वेतन करून दिलें. जखमींस जखम पाहून होन दिले. बखर प्रसंगानंतर सुमारें तीन तपांनीं लिहिलेली, म्हणून तिची साक्ष समकालीन पत्राच्या तोलाची मानतां येत नाहीं. तथापि लिहिणारास ही गोष्ट राज्यव्यवहाराचाच भाग वाटली, इतकें तरी तींतून निष्पन्न होतें. पुढें पेशवाईंत याच जातीच्या नेमणुकीस ‘बालपरवेशी’ हा शब्द रूढ झाला.

यांत वयाचा उल्लेख कोठेंच नाहीं. पाटील, कुळकर्णी, महार यांची सेवा वतनाची. बाप थकला कीं मुलगा उभा राही. जेथें सेवा घराण्याची, तेथें निवृत्तीचें वय ठरविण्याचें प्रयोजनच नव्हतें. वय आलें तें पगारी नोकरीबरोबर. केंद्र सरकारच्या सेवेंत तें ५५ होतें. १९६२ त ५८ व १९९८ त ६० झालें. महाराष्ट्रानें त्यानंतरही ५८ च कायम ठेविलें. चतुर्थ श्रेणीस मात्र ६०. तें सर्वांस ६० करावें ही सेवकांची मागणी, व तसें केल्यास तरुणांच्या जागा अडतील हा त्यावरील आक्षेप. पूर्वीं बापाची जागा त्याच्याच मुलास मिळे, म्हणून हा तंटा उद्भवत नसे. आतां अडते ती दुसऱ्याच्या मुलाची जागा.

(३) कृपा कीं येणें, या प्रश्नाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या बाजीरावाचें. जून १८१८ मध्यें माल्कमनें त्यास जीं कलमें दिलीं त्यांत, स्वतःच्या व कुटुंबाच्या पोषणार्थ सालीना आठ लक्ष रुपयांहून कमी नाहीं इतकें वेतन मिळेल, असा करार होता. ही रक्कम फार झाली असें गव्हर्नर जनरलास वाटलें, तरी शब्द गेला होता. बाजीराव ब्रह्मावर्तीं १८५१ पर्यंत जगला; तेव्हां या नेमणुकीची एकूण बेरीज अडीच कोटींवर जाते. तो वारल्यावर डलहौसीच्या सरकारनें नेमणूक बंद केली. दत्तक पुत्र नानासाहेब यानें अर्ज केले, अजीमुल्लाखानास विलायतेस पाठविलें. उपयोग झाला नाहीं. सारा तंटा ‘व कुटुंबाच्या’ या शब्दांवर होता. नानासाहेबाच्या मतें नेमणूक राज्य सोडल्याचा मोबदला होती. सरकारच्या मतें ती एका हयातीची देणगी होती.

त्याच सुमारास, १८५२ च्या कायद्यानें, इनाम कमिशन दक्षिणेंत जोरानें सुरू झालें. उपभोग किती पिढ्यांचा, यापेक्षां सनद कोठें आहे, हें विचारलें जाऊं लागलें. ज्याचा कागद वाळवीनें खाल्ला, त्याचा हक्कही संशयांत आला. संग्राहकांस याहून अधिक सांगणें नको.

(४) १८७१ च्या पेन्शन कायद्यानें कलेक्टराच्या दाखल्यावांचून असे दावे दिवाणी कोर्टांत चालविण्यास बंदी केली. म्हणजे कृपापक्ष कायद्यांत बसला. तो उलटला ता. १७ डिसेंबर १९८२ रोजीं. नाकारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निवृत्तिवेतन ही मर्जीची देणगी नसून केलेल्या सेवेचें फळ आहे, असा निर्णय दिला. निकालपत्र न्या. देसाई यांचें, पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड. त्यांचें घराणें खेड तालुक्यांतील कन्हेरसरचें, हें या भागांतील वाचकांस ठाऊक आहेच.

प्रतिपक्षाचें म्हणणेंही पोकळ नाहीं. जुनी योजना आणल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, असें उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं डिसेंबर २०२२ मध्यें विधिमंडळांत सांगितलें होतें. ज्या खजिन्यांतून वेतन द्यावयाचें तो भरणारा बहुतेक स्वतः निवृत्तिवेतनावांचून म्हातारा होतो, हेंही खरें. शेवटीं ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्रानें एकीकृत योजना मंजूर केली व लागलीच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ती स्वीकारली. पंचवीस वर्षांच्या सेवेस अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा अर्धा भाग, असा तिचा मुख्य नियम. सभासदाचें ‘निमें’ विधवेचें होतें, हें वृद्धाचें. दोहोंचा परस्परसंबंध जोडणें धाडसाचें होईल. तरी निम्म्याखालीं निर्वाह नाहीं, ही जाण दोहींकडे दिसते.

(५) आमचें पुनावळें १९९७ मध्यें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें. पिंपरीस १९५४ त हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाल्यापासून चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यांतील बहुसंख्य कामगार वरील कोणत्याच वादांत पक्षकार नाहींत. त्यांस लागू ती १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिचें किमान वेतन २०१४ त दरमहा १,००० रुपये ठरलें. तें ७,५०० करावें ही निवृत्तांची मागणी. दहा वर्षांची नोकरी सिद्ध होईल त्यासच तें मासिक वेतन; आणि ठेकेदार बदलत गेला, नांवांत एक अक्षर चुकलें, तर तीच सिद्ध करणें कठीण पडतें. सनद हरवलेल्या इनामदाराची अडचण याहून निराळी नव्हती.

म्हणून संग्राहकांस विनंती कीं, रुमालांबरोबर सेवापुस्तकें, भविष्यनिर्वाह निधीचे उतारे, युनियनचे करारनामे यांसही दप्तरांत जागा द्यावी. आज ते रद्दींत जात आहेत. कृपा कीं येणें, याचा निवाडा आजवर कागदावर झाला आहे. पुढेंही तो कागदावरच होईल.